दोन तांबे पाणी

शंभुलिंगअप्पांना म्या दोन तांबे पाणी पाजलं. जाणूनबुजून पाजलं. उन्हाचा माणूस दारात आला आणि मला दया आली, असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते खोटं हाय. दया-बिया काय न्हाय. मला त्या माणसाचं वजन वाढायला पाहिजे होतं.

पाणी पाजलं तर त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटंल. ज्याच्या घरात डायलिसिसचा माणूस हाय त्याला वाटणार न्हाय. किडनी गेली की लघवी बंद होती. मंग प्यालेलं पाणी जाणार कुठं? ते अंगातच साठतं. पायावर येतं, तोंडावर येतं, शेवटी छातीत भरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बसल्या बसल्या बुडतो. म्हणून दिवसाला अर्धा लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचं पाणी आलं. एप्रिल-मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यात अर्ध्या लिटरवर दिवस काढून बघा एकदा, मंग बोलू.

आमच्या मालकांचं नाव महारुद्र. तेर गावात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. बीपी होतं ते अंगावर काढलं, आणि पंचेचाळिशीच्या आत दोन्ही किडन्या बसल्या. तवापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार आमी सकाळच्या गाडीनं धाराशिवच्या दवाखान्यात जातो. ते चार घंटे मशीनवर, मी बाहेर बाकड्यावर. मालक अजून हायत. त्यांचं वजन किती वाढतं ते मला विचारू नका. मी आता काट्याकडं पाठ करून बसते.

काटा म्हणजे आत जायच्या दाराशी ठेवलेला वजनकाटा. मागच्या खेपेला मशीनवरून उतरताना माणूस किती भरला आणि आज किती भरला, त्यातला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. दोन किलो म्हणजे बरं. तीन म्हणजे बोलणी. चारच्या वर गेलं की डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बायकोला झापणार, पाणी बायकोच पीत असल्यागत. वजन करायला बिभीषण म्हणून टेक्निशियन होता. पोरगा चांगला, पण आवाज खणखणीत. आकडा वहीत लिहायच्या आधी तो मोठ्यानं बोलायचा, आणि बाकड्यावरच्या सगळ्या बायका कान टवकारून ऐकायच्या.

मालकांचा आकडा चार, सव्वाचार, कधी साडेचार. आणि त्यांच्या मागं रांगेत माकणीचे शंभुलिंगअप्पा. दीड. पावणेदोन. लईच झालं तर दोन.

आठ महिने म्या हे ऐकलं. दोघं एकाच आठवड्यात मशीनला लागले, दोघांचं वय सारखं, त्यांचं किराणा दुकान आणि आमचं मोटारीचं, दोन्ही बंद पडलेली. मंग नशिबात एवढा फरक का? अप्पांच्या हातावर मशीनच्या सुईसाठी शीर जोडायचं आपरेशन पहिल्या खेपेलाच जमलं, आमचं दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. अप्पा मशीनवरून उतरले की पिशवी स्वतः उचलून चालायचे, आमच्याला दोघांनी धरून बाहेर आणायचं. बिभीषण एकदा काट्यापाशीच म्हणला, महारुद्रअण्णा, शंभुलिंगअप्पांकडं बघून तरी शिका जरा. पोरगं हसत म्हणलं, पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या रात्री मला जेवण गेलं न्हाय.

आणि अप्पांची बायको शिवलीला. तिचा तर मला नुसता रागच. इस्त्रीची साडी, कपाळाला विभूती, बाकड्याच्या टोकाला ताठ बसणार आणि कुणाशी बोलणार न्हाय. आमी बायका मिळून चहा मागवायचो, एकीनं भाकरी आणली तर दुसरी चटणी काढायची. ही कशालाच हात लावायची न्हाय. चहा पुढं केला तर हात जोडून म्हणायची, नको अक्का, मला चालत न्हाय. म्या मनात म्हणायची, का गं बाई, आमच्या हातचा चहा तुला चालत न्हाय का? नवऱ्याचा आकडा दीड येतो म्हणून एवढा गुमान? तिचे ओठ कायम फुटलेले असायचे, ते मला दिसायचे. पण तेवढ्यावर विचार करावा असं कधी वाटलं न्हाय.

घरी गेले की तो सगळा राग मालकांवर निघायचा. माठाला म्या फडकं बांधून गाठ मारायची. नळाची तोटी काढून पदरात ठेवायची. मोजून वाटीनं पाणी द्यायची, आणि देताना म्हणायची, त्या माकणीच्या माणसाला जमतं, मंग तुम्हालाच काय धाड भरलीय? रोज म्हणायची.  ते वाटी परत करताना ती उलटी करून चाटायचे, आणि त्याचाबी मला राग यायचा.

मार्चात एक दिवस दुपारी न्हाणीत आवाज आला म्हणून बघायला गेले. मालक बादलीपाशी उकिडवे बसलेले. साबणाचं पाणी होतं त्यात, आमच्या पोरीनं तोंड धुतलेलं. ते मगानं पीत होते. म्या मग हिसकला, आणि हिसकताना त्यांच्या हातावर मारलं. नुसतं हिसकलं न्हाय, मारलं. तो नेमका शीर जोडलेला हात होता. त्यांनी हात छातीशी धरला आणि लहान लेकरागत रडायला लागले. सत्यभामे, म्हणले, मला मरू दे पण एकदा पोटभर पिऊ दे.

कुठल्याबी बाईनं अशा वेळी नवऱ्याला पोटाशी धरलं असतं. म्या काय म्हणलं असंल? म्या म्हणलं, शंभुलिंगअप्पा असलं करतात का कधी?

तर असं माझं डोकं झालं होतं. मला माझा नवरा दिसतच नव्हता, त्याच्या जागी नुसता चारचा आकडा दिसायचा आणि त्याच्या शेजारी दीड.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तेरमध्ये लिंगायताच्या घरचं लग्न होतं. बारा-साडेबाराची अक्षता. बाहेर नुसता वणवा. पावणेबाराच्या सुमाराला दार वाजलं, बघते तर शिवलीला, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून शंभुलिंगअप्पा. लग्न तिच्या चुलतभावाच्या पोरीचं होतं, न जाऊन भागणार नव्हतं. मांडवात अप्पांना सोसंना. लग्नाचं घर पाहुण्यांनी भरलेलं, तेरमध्ये दुसरं ओळखीचं घर म्हणजे आमचंच. घंटाभर पडू द्या त्यांना, अक्षता टाकून मी लगेच येते, म्हणली. जाताना मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, पाणी तेवढं देऊ नका अक्का, सकाळपासनं त्यांचं मोजून झालंय.

म्या ओसरीत बाजेवर सतरंजी टाकली. अप्पा आडवे झाले. आतल्या खोलीत आमचे मालक पंख्याखाली पडलेले. मी मधल्या उंबऱ्यावर भाजी निवडत बसले. 

थोड्या वेळानं अप्पा उठून बसले. माठ ओसरीच्या कोपऱ्यातच होता, वरनं पाझरलेला, खाली ओली वाळू. त्यांची नजर त्याच्यावर. मंग माझ्याकडं बघितलं आणि म्हणले, "वैनी, घोटभर."

दारात आलेल्यानं पाणी मागितलं आणि न्हाय म्हणलं, असं आमच्या घरात माझ्या सासूपासनं कधी झालं न्हाय. पण ही सबब मला नंतर सुचली. त्या वेळी माझ्या मनात आला तो उद्याचा सोमवार. शनिवार-रविवार दोन दिवस मशीन न्हाय, म्हणून सोमवारचा आकडा सगळ्यात मोठा असतो. उद्या काट्यावर अप्पा उभे राहतील आणि बिभीषण त्याच्या खणखणीत आवाजात म्हणंल, चार. बाकड्यावर सगळ्या ऐकतील. शिवलीलेची मान खाली जाईल. एकदा, फक्त एकदा मला ते बघायचं होतं.

म्या माठाचं फडकं सोडलं, मोठा पितळी तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला. भांडं दिलं न्हाय, तांब्याच दिला.

त्यांनी वरनं धार धरली न्हाय, तोंडच लावलं. डोळे मिटून, मध्ये श्वास न घेता सगळा तांब्या रिता केला. मंग डोळे उघडले आणि तांब्या माझ्याकडं पुढं केला. म्या परत भरला.

आतनं मालकांचा आवाज आला, कोण पितंय गं? त्यांना माठात तांब्या बुडल्याचा आवाज ऐकू गेला होता. म्या म्हणलं, कुणी न्हाय, झोपा तुम्ही. पण मला ठाऊक हाय, ते जागेच होते.

दुसरा तांब्या अप्पांनी सावकाश प्याला. अर्ध्यात थांबून नुसते पाण्याकडं बघत बसले, मंग परत प्याले. गळ्यावरनं खाली ओघळलेलं हातानं छातीला चोळलं. मंग म्हणले, शिवलीलेला सांगू नका. म्या मान डोलावली. घंट्याभरानं ती आली, मला हात जोडले आणि त्यांना घेऊन गेली. जाताना अप्पा हसले माझ्याकडं बघून. आठ महिन्यात म्या त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मालक काट्यावर उभे राहिले. सव्वाचार. म्या मनात म्हणलं, थांब बिभीषणा, अजून एक आकडा यायचाय. वळून रांगेत बघितलं, तर मालकांच्या मागं कुणीच न्हाय. उशीर झाला असंल म्हणून मी बाकड्यावर बसले. अर्धा घंटा गेला. अप्पांची मशीन रिकामीच. बिभीषणाला विचारलं तर म्हणला, फोन लागत न्हाय मावशी.  दोन तांबे म्हणजे दोन लिटर तरी असंल, असं म्या तवा पहिल्यांदा मोजलं. त्याच्या आधी मला नुसता आकडा दिसत होता, पाणी दिसलंच नव्हतं.

साडेनऊला गावची जीप दारात आली. अप्पांना मागच्या सीटवर बसवून धरलेलं, आडवं होता येईना त्यांना. श्वास घेताना छाती बुडबुडत होती, ओठ निळे, तोंडाला फेस. त्यांना काट्यावर कुणी उभं केलं न्हाय. सरळ उचलून आत नेलं, दार बंद झालं.

शिवलीला माझ्याशेजारी येऊन बसली. टोकाला न्हाय, माझ्याशेजारी, खांद्याला खांदा लागंल अशी. विभूती घामानं पुसून गेलेली.  मंग आपणहून बोलायला लागली, आठ महिन्यात पहिल्यांदा.

"माझ्यामुळं झालं, अक्का," ती म्हणली. "म्या काल पाणी प्याले."

मला कळंना ही काय बोलती. मंग तिनं सगळं सांगितलं. अप्पा मशीनला लागले त्या दिवशी तिनं लिंगपूजेला बसून नेम धरला होता. अप्पांना जेवढं पाणी, तेवढंच मला. अर्धा लिटर, त्यात आमटीबी आली. त्यांच्यासमोर वाटी मोजायची तशी आपलीबी मोजायची, आणि दोघांनी बरोबर प्यायचं. त्यांना एकट्याला सोसावं लागू नये म्हणून. आठ महिने तिनं हे केलं. चहा चालत न्हाय म्हणायची ते यासाठी. दोनदा चक्कर येऊन पडली, लघवीला आग होती, गावातल्या डॉक्टरनं सांगितलं, बाई, तुमचीबी किडनी घालवून बसाल. तरी नेम सोडला न्हाय. आणि काल मांडवात, त्या उन्हात, थंड पाण्याच्या जारपाशी गर्दी होती, कुणीतरी तिच्या हातात गिलास दिला. दोन गिलास प्याले अक्का, म्हणली. नेम मोडला. रात्री आठला त्यांना धाप लागली, पण गाडी मिळायला सकाळ झाली.

हे सांगताना ती रडत नव्हती, नुसतं सांगत होती.

म्या गप्प बसले. खरं सांगते, म्या गप्प बसले.  मनात पहिला विचार आला तो हा की आता कुणाला कळायचं न्हाय. अप्पांनीच सांगू नका म्हणलंय. हिला वाटतंय नेम मोडला म्हणून झालं, तर वाटू दे. अप्पा वाचले की सगळंच मिटलं. म्या देवी येडाईला म्हणलं, एवढा माणूस काढ यातनं, मी परत कुणाच्या आकड्याकडं बघायची न्हाय. मंग आतनं मशीनचा आवाज आला की मी दाराकडं बघायची, बंद झाला की बघायची. शिवलीला पुटपुटत होती, दोन गिलास, दोनच गिलास. परत परत तेच.

साडेअकराच्या सुमाराला डॉक्टर आत पळत गेले. बाराला मालकांची मशीन सुटली, त्यांना व्हीलचेअरवर बाहेर आणलं. त्यांचा चेहरा बघितला आणि मला समजलं. ते शेजारच्याच मशीनवर होते, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यांच्या मागनं बिभीषण आला. त्याचा तो खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. शिवलीलेपुढं खाली बसून म्हणला, मावशी, अप्पा गेले.

ती ओरडली न्हाय. तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. तोंडावरच. ओठांवर. "ह्यानं प्याले," म्हणायची आणि मारायची, "ह्याच तोंडानं प्याले." फुटलेल्या ओठातनं रक्त यायला लागलं. बिभीषण हात धरायला गेला तर त्याला ढकललं. बाकड्यावरच्या बायका रडायला लागल्या, पण जवळ कुणी जाईना.

आणि मला एकदम दिसलं, ही बाई आता जन्मभर हेच करणार. घरोघरी माणसं मरतात, बाया रडतात, उठतात. ही उठणार न्हाय. दर वेळी गिलास हातात घेतला की ही स्वतःला मारणार, आणि मी तेरमध्ये माझ्या ओसरीत बसून माठातलं पाणी पिणार. तिच्या ओठावरचं रक्त बघितलं आणि माझ्या काळजाला असा पीळ पडला, माझ्या आईच्या मरणाला पडला नव्हता तसा. तवा ती कोण, तिचा नवरा कोण, त्यांचा दीड किती आणि आमचे चार किती, यातलं कायबी उरलं न्हाय. नुसती एक बाई उरली, तहानेली, आणि तिला आठ महिने म्या मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

म्या तिचे दोन्ही हात धरले.

"पाणी म्या दिलं," म्या म्हणलं. "काल, माझ्या घरी. दोन तांबे दिले. तुमच्या गिलासानं काय झालं न्हाय. म्या दिलं."

 मालक व्हीलचेअरवरनं माझ्याकडं बघत होते. त्यांना कालचा माठाचा आवाज आठवला असणार.

"का?" शिवलीलेनं विचारलं.

खोटं तयार होतं तोंडात. उन्हाचे होते, मागितलं, न्हाय कसं म्हणू. तिनं ते मानलंबी असतं. पण अर्धं खरं दिलं तर उरलेलं अर्धं ती परत स्वतःच्याच अंगावर ओढून घेणार, एवढं मला कळत होतं. म्हणून सगळं दिलं.

"काट्यावर एकदा तरी तुमचा आकडा आमच्यापेक्षा वर जावा म्हणून."

तिनं माझ्या कानाखाली मारली. जोरात. मी बाकड्यावर कलंडले. कुणी मधी पडलं न्हाय आणि पडूबी नये. अजून दहा मारल्या असत्या तरी मी तशीच बसून खाल्ल्या असत्या. पण तिनं एकच मारली आणि हात तसाच हवेत राहिला. मंग ती बाकड्यावर बसली, आणि मीबी उठून तिच्या शेजारी बसले. तिनं मला उठ म्हणलं न्हाय. माफीचं म्या काढलं न्हाय, तिनंबी न्हाय. आतमध्ये बिभीषण अप्पांच्या हातातली सुई काढत होता, ते दाराच्या काचेतनं दिसत होतं. डॉक्टर येऊन सांगून गेले की त्यांचं हृदय आधीच कमजोर झालं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं. म्या ते ऐकलं, पण त्याच्यामागं लपले न्हाय. आज आणि उद्या यात एक दिवस असतो, आणि तो म्या खाल्ला होता.

मंग शिवलीलेनं विचारलं.

"दुसरा तांब्या तुम्ही भरून दिला का त्यांनी मागितला?"

"त्यांनी पुढं केला."

"आणि पहिला?"

"तोंडानं मागितला. वैनी, घोटभर, म्हणले."

"पोटभर प्याले?"

"व्हय. लई समाधानानं प्याले. जाताना हसले."

ती काचेकडं बघत राहिली. मंग म्हणली, "मला आठ महिन्यात एकदाबी मागितलं न्हाय. मी पीत न्हाय हे बघून कसं मागणार? तहान निदान माझ्यापाशी बोलून दाखवायची, तर म्या त्यांना तेवढंबी ठेवलं न्हाय, अक्का."

एवढं ऐकलं आणि माझ्या मनात काय आलं असंल? आमचे तर रोज मागतात. आमचे रडून मागतात. बघा, अशा वेळीबी मेलं ते मन काट्यावर चढलंच. मला स्वतःची शिसारी आली. आणि मंग तो विचार तसाच गळून पडला, कारण शेजारी शिवलीला पुढं वाकत चालली होती, आणि तिला धरल्याशिवाय दुसरं काय करायचं मला सुचत नव्हतं. म्या तिला धरलं. तिचं अंग एवढं हलकं होतं की मला भ्या वाटलं.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, सकाळी तेरहून भरून आणलेली. आठ महिने मी ती त्या बाकड्यावर बसून हिच्यासमोर पीत आले होते. म्या ती काढली. द्यावी का न देऊ ते कळंना. माझ्या हातचं पाणी, आणि तेबी आज. बाटली मांडीवर धरून तशीच बसले.

शिवलीलेनं बाटलीकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं आणि एखाद्या पोरीनं विचारावं तसं विचारलं, "आता पिऊ का मी?"

 म्या झाकण काढलं. बाटली म्याच तिच्या तोंडाला लावली. ती पीत होती आणि रडत होती, पाणी ओठावरचं रक्त घेऊन हनुवटीवरनं पदरावर सांडत होतं. मालक बघत होते, त्यांची जीभ ओठावरनं फिरत होती, तरी त्यांनी मागितलं न्हाय. म्या बाटली खाली घेतली न्हाय. संपेस्तोवर धरली.